बिनगाठीचा ढग

मंगळवारी सकाळी साडेदहाला मालन कोष्टी शेजारच्या दीर्घिकेतून आली आणि आपला ढग पिंजायला टाकून गेली. चौकड्याच्या जुन्या चादरीत बांधलेलं बोचकं होतं. दस्तगीर नदाफनं ते उंबऱ्यावरून आत ओढलं, तर त्याचे हात मनगटापर्यंत बधिर झाले, इतका तो ढग गार होता.

"कशाचा आहे?" दस्तगीरनं विचारलं. मिरजेत चाळीस वर्षं गाद्या भरलेला माणूस. सावरीचा कापूस, देशी कापूस, गिरणीतला टाकाऊ, सगळं त्याला डोळे मिटून हाताला कळायचं. हे कळेना.

"हायड्रोजन," मालन म्हणाली. "रेणूरेणूंचा. जरा धूळ आहे, ती राहू दे. लई दिवस पडून दबलाय वो. मोकळा करून द्या. आमच्या आळीत उजेड न्हाई, त्यासाठी लागतोय. शुक्रवारी नेते."

पदर खोचून ती आली तशी निघूनही गेली. दीर्घिका शेजारची असली तरी जायला वेळ लागतोच.

गाठींचं ती काही बोलली नाही. तिच्या आळीत ते सांगावं लागत नाही. दस्तगीरनंही विचारलं नाही, कारण त्याच्या आळीत ते विचारावं लागत नाही. पिंजाऱ्याकडं दिलं म्हणजे गाठी काढायच्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यंत्रं आली, फोमच्या गाद्या आल्या, तरी हा बाबा आपली पिंजायची कमान छताला टांगून बसलेला, आणि गिऱ्हाइकाला वर ऐकवायचा, "मोहरीएवढी गाठ लागली तरी गादी परत आणा." चाळीस वर्षांत एकही गादी परत आली नव्हती. त्याचा त्याला भारी तोरा होता.

दुकान आणि घर मिळून एकच खोली, बारा फूट लांब. दाराशी दस्तगीर, मागच्या भिंतीला स्टोव्हजवळ त्याची बायको जैतून. तो पिंजायचा, ती खोळी शिवायची. दोऱ्याचा गुंडा त्याच्या पायाशी पडलेला असायचा आणि दोरा तिथून थेट तिच्या दाभणापर्यंत गेलेला. कापसातली गाठ सापडली की दस्तगीर मान न वळवता ती खांद्यावरून मागं टाकायचा, ती जैतूनच्या पाटीत पडायची. त्या गाठी सोडवून जैतून वाती वळायची. निम्म्या आळीच्या देवघरांत तिच्याच वाती जळत. पहिली वात ती स्वतः पेटवून बघायची, चरचरते की नीट जळते ते, आणि मगच पुड्या बांधायची. अडतीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

त्या दिवशी सकाळी, मालन यायच्या आधी, जैतूननं त्याला एक गोष्ट विचारली होती. दस्तगीरला खोकला होता. पिंजाऱ्याला असतोच, म्हणून तो कानाडोळा करायचा, पण हल्ली खोकताना भिंत धरावी लागायची.

"आता पुरं करू या का?" जैतून म्हणाली. "आपली लेक हसीना बोलावतीय. इचलकरंजीला तिच्याकडं एक खोली रिकामी आहे. तुमचा खोकला ऐकून मला रातभर झोप येत न्हाई वो."

दस्तगीर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. एरवी गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा हाणणारा माणूस, पण बायकोनं काही नीट विचारलं की याची वाचा बसायची. मनात त्याच्या हो होतं. ते तोंडापर्यंत येईना. तेवढ्यात दारात मालन आली आणि तो सुटला.

तर त्यानं बोचकं सोडलं, कमान ढगावर टेकवली आणि मोगरी उचलून कमानीच्या ताणलेल्या तातेवर हाणली. पहिल्या ठोक्याला ढग फुगला आणि खोली हातभर लांब झाली.

दस्तगीरनं ते पाहिलं आणि दुसरा ठोका घातला. कापूसही फुगतोच. दुसऱ्या ठोक्याला खोली आणखी हातभर वाढली. गाठी पुष्कळ होत्या. बोटाला लागायच्या तेव्हा ढगापेक्षा किंचित कोमट वाटायच्या, पण गाठ ती गाठ. त्यानं त्या एकेक करून खांद्यावरून मागं टाकल्या. पहिल्या काही पाटीत पडल्याचा आवाज लगेच आला. पुढच्यांचा आवाज जरा थांबून आला. शंभराव्या गाठीचा आवाज आला तोवर त्याच्या आणखी तीस टाकून झाल्या होत्या. दोनशे बारावी गाठ त्यानं टाकली आणि आवाज आलाच नाही. तेव्हा त्यानं मान वळवली.

मागची भिंत बरीच लांब गेली होती. मधे सगळा ढग पसरलेला, मऊ, सारखा, कुठं उंच नाही कुठं सखल नाही. इतकं चांगलं पिंजण त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्याच्या पलीकडं, तांदळाच्या दाण्याएवढी, जैतून बसलेली दिसत होती. तिनं चहाचा कप पुढं केला होता.

दस्तगीरनं हात लांब केला. हात आणि कप यांच्यामध्ये ढग होता. सकाळपासून अडलेलं उत्तर आपोआप बाहेर पडलं.

"व्हय," तो म्हणाला. "जाऊ या."

शब्द निघाला. दुलईखालून मांजर जावं तसा ढगाखालून त्याचा उंचवटा सरकत गेलेला दिसत होता, पण सावकाश. जैतून कप धरून तशीच बसली होती. दुपारी तीनला तिचा आवाज आला, "चहा घ्या." तो तिनं अकराला दिला होता.

बुधवारी सकाळी आळीतली इंदू सुतार वातींची पुडी न्यायला आली. दारातून आत बघून ती जरा थांबली.

"जैतूनभाभी लांब गेल्या की," ती म्हणाली.

"व्हय. काल गेली."

"हाक मारून बघितलीसा का?"

"मारलीय. पोचायची आहे अजून."

इंदूनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कप धरून बसल्यात."

"ते कालचं आहे," दस्तगीर म्हणाला. "दिसायलाही वेळ लागतोय."

"मग आत्ता काय करत असतील?"

दस्तगीरनंही डोळ्यांवर हात धरून पाहिलं. इंदू म्हणाली, वाती शनिवारी मिळाल्या तरी चालतील, आणि गेली. तो उंबऱ्यावर बसून राहिला. अडतीस वर्षं पाठीमागं असलेलं माणूस. मागं वळून बघायची गरज कधी पडली नव्हती, आणि आता नुसतं बघत बसण्यावाचून दुसरं काम नव्हतं. त्याला तिची फार आठवण आली. एकाच खोलीत असून आठवण येते याची त्याला लाजही वाटली.

एक आधार तेवढा होता. पायाशी दोऱ्याचा गुंडा होता, आणि मधूनमधून त्याला हिसका बसून तो थोडा उलगडायचा. म्हणजे पलीकडं जैतून टाके घालत होती. गुरुवारी सकाळी दस्तगीर तो दोरा हातात धरून ढगात शिरला. दुपारपर्यंत चालला. आत अंधार होता आणि गारठा असा की खोकलाही येईना. दुपारी थांबून पाहिलं तर जैतून तांदळाच्या दाण्याएवढीच होती. मग दोऱ्याच्याच आधारानं तो परत आला.

शुक्रवारी सकाळी मालन कोष्टी आली. चांगली गिऱ्हाइकं करतात तसा तिनं आधी ढगावर तळहात दाबून पाहिला. इथं दाबला, तिथं दाबला. मग आत कोपरापर्यंत हात घातला.

"गाठी कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"काढल्या," दस्तगीर म्हणाला. "एक सापडली तर नाव सांगणार न्हाई." इतकं सगळं होऊन गेलं होतं, तरी हे म्हणताना त्याची मान ताठ झालीच.

मालन मटकन उंबऱ्यावर बसली. "अवो नदाफमामा, उजेड गाठीचाच असतोय. गाठ असली की ढग तिच्याभोवती आकसतो, आकसून आकसून तापतो, मग तारा पेटतो. तुम्ही गाठीच काढल्यासा. आता हा कशाभोवती आकसंल?"

"मग काय होईल?"

"पसरत जाईल."

"आणि खोली?"

"ती बी."

दस्तगीरनं पायाशी बघितलं. गुंड्याला हिसका बसला. "पण जैतून आहे पलीकडं," तो म्हणाला. "दोरा ओढतीय."

"ओढ पण उशिराच पोचती," मालन म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, ते तिच्या आवाजात कळलं. "एक तरी गाठ राहिली असंल. बघा. कपड्याला, केसाला, कुठंतरी."

त्यानं टोपी झटकली. सदरा झटकला. नखं तपासली. कुठंही काही नव्हतं, इतका तो हाडाचा पिंजारी. खाली वाकून कमानीखाली बघताना त्याला खोकला आला. मंगळवारपासून अडकलेला होता, तो एकदम सगळा आला. भिंत धरायला गेला, तर भिंतही जरा लांब सरकली होती. मालननं त्याला धरलं. बऱ्याच वेळानं खोकला थांबला आणि दस्तगीरनं तोंडापुढचा हात उघडला. तळहातावर हरभऱ्याएवढी गाठ होती. चाळीस वर्षांचा कापूस, घट्ट, कोमट.

दोघांनी ती पाहिली.

"ही चालंल," मालन म्हणाली. "पण एक सांगते. गाठ पेटली की ढग उरत न्हाई. शंभरातले दोन-चार वाटे पेटतात, बाकीचं सगळं ती फुंकून लावती. ढगात जे असंल ते बी."

"माझी बायको आहे ढगात."

"ही एकच गाठ सावकाश तापंल. तोवर बाई अलीकडं येतील. तिकडं त्यांच्यापाशी किती हायत्या?"

"दोनशे बारा."

"त्यातली एक बी पेटता कामा नये," मालन म्हणाली.

दस्तगीरनं गाठ ढगाच्या पोटात ठेवली. त्याच्या बोटांना ती सोडवेना. ढगात गाठ सोडून हात मागं घ्यायचा, हे त्या हातांनी कधी केलंच नव्हतं. शेवटी तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. सारख्या पसरलेल्या ढगाला हळूहळू एक खळगा पडला. मग कडेचा ढग खळग्याकडं ओघळायला लागला, आणि खोली हातभर आखूड झाली.

जैतून जवळ यायला लागली. तांदळाएवढी होती ती बोटाएवढी झाली, मग बाहुलीएवढी. जवळ येता येता ती राहिलेले दिवस भराभर जगत होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला, तो मंगळवारचा. दोन खोळी शिवल्या. भिंतीला टेकून झोपली, उठली, नमाज पढली, पुन्हा शिवायला बसली. मधेच दस्तगीर बसायचा त्या बाजूला बघून काहीतरी बोलली. कितीतरी वेळा बोलली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दस्तगीरला रडू फुटलं, ते त्यानं पुसलं नाही, कारण हात मांडीखाली होते.

मग तिनं पाटी पुढं ओढली. एक गाठ घेतली, ताणली, मांडीवर वळली आणि तिची वात केली. दुसरी केली. तिसरी केली. जैतूनचं काम नेटकं, दोनशे बारा वाती व्हायला फार वेळ लागला नाही.

"हे आत्ताचं दिसतंय का?" दस्तगीरनं विचारलं.

मालननं अंदाज घेतला. मागची भिंत आता दुकानासमोरच्या देवळाएवढ्या अंतरावर आली होती. "जवळजवळ," ती म्हणाली.

जैतूननं पणती पुढ्यात घेतली. तिच्यात पहिली वात ठेवली. काडेपेटी उचलली.

"जैतून," दस्तगीर म्हणाला, "काडी विझव."

शब्द निघाला आणि ढगाखालून चालायला लागला. त्याच्या पुढं, बराच पुढं, मंगळवारचा शब्द अजून चाललेलाच होता. ढगाखालून दोन उंचवटे एकामागोमाग सरकत होते. जैतूननं काडी ओढली. ज्योत दिसली, पण काडी ओढल्याचा आवाज अजून यायचा होता.

पहिला उंचवटा तिच्या गुडघ्यापाशी पोचला आणि थांबला. जैतूननं मान वर केली. जळती काडी तशीच हातात धरून तिनं ऐकलं. सगळं ऐकलं, व्हय आणि जाऊ या. मग ती हसली, मनापासून, आणि तिच्या चेहऱ्यावरचे तीन दिवस उतरले. मान हलवून तिनं काहीतरी म्हटलं, आणि हसत हसतच, नेहमीच्या सवयीनं, काडी वातीकडं नेली.

दुसरा शब्द ढगाखालून अर्ध्या वाटेवर आला होता.