चित्तिरैत नको, आडीत या

मित्रांनो, मी कुंभकोणमची एक जुनी जटका आहे. जटका म्हणजे एका घोड्याची, गोल छपराची गाडी. तिरुविडैमरुदूरच्या सुताराने मला घडवले. आज माझी चाके काढून ठेवली आहेत, पण माझा तोरा काही उतरलेला नाही. या गावात केव्हा यावे, हे मला विचारा!

ऐप्पसीच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात येऊ नका, चाके चिखलात रुततात. मार्गळीत, डिसेंबर-जानेवारीत, अवश्य या. थंड पहाटे दारोदारी रांगोळ्या असतात आणि गल्लीतून भजन चाललेले असते. आडीत, जुलै-ऑगस्टमध्ये, कावेरी दुथडी भरून वाहते, तेव्हा तर याच. चित्तिरैच्या, एप्रिल-मेच्या उन्हात मात्र नदीत नुसती वाळू. बायका तिच्यात खड्डे करून वाटीवाटीने घागर भरतात.

पण आमच्या इथल्या मराठी लोकांची रीत अशी, की आडीत आणि मार्गळीत सोयरिकीचा शब्द काढायचा नाही. त्यामुळे मुलींचे वडील गाव बघायला येतात ते नेमके उन्हात!

माझ्या मालकीणबाई मीनाक्षीबाई. त्यांच्या मुलाचे, सेतूचे, पितळी भांड्यांचे दुकान होते. १९५४ च्या चित्तिरैत बंगळूरहून वसंता आणि तिचे वडील स्थळ बघायला आले. मीच त्यांना स्टेशनावरून आणले. वसंताला पाहिल्यापासून सेतू भलत्याच घागरीवर भलतेच झाकण बसवू लागला. वडिलांचे लक्ष मात्र कोरड्या नदीवर होते.

"असल्या गावांत पोरीला कशी द्यायची? वाटीनं पाणी भरायला?" परतताना ते म्हणाले. सेतूचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटले.

मीनाक्षीबाई माझ्या पायरीशी आल्या. "आडींत येवा की, राव. सोयरिकीचं कांही बोलायचं नाहीं. नदी पाहायची, जेवायचं, जायचं."

आणि ते आले! आडीच्या अठराव्या दिवशी, नदीपूजेच्या सणाला, मी सगळ्यांना काठावर नेले. पाणी पायऱ्यांना भिडले होते. बायकांनी नदीला हळदकुंकू वाहिले. वसंताने चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या भाताचा डबा उघडला आणि पहिला घास पाण्याला दिला. वडील कितीतरी वेळ नदीकडे बघत राहिले. दोनदा त्यांनी तोंड उघडले, दोनदा मीनाक्षीबाईंनी डोळे वटारले.

स्टेशनावर उतरताना ते एवढेच म्हणाले, "आवणींत येतो." आवणी म्हणजे आडीनंतरचा महिना, सोयरिकीचा शब्द चालतो तो!

सेतूने आनंदाने माझ्या छपरावर असा हात मारला की घोडा बिचकला. आवणीत नवरी आली ती माझ्यातच बसून.

पुढे बस आली आणि मी मागे पडले. गेल्या साली, लग्नाला दहा वर्षे झाल्यावर, सेतूने मला मोडीत द्यायचे ठरवले. तेव्हा वसंता माझ्यासमोर उभी राहिली. "चाकं काढा हवं तर. हिला मोडूं नका. हिनं मला नदी दाखवली."

मित्रांनो, तुमच्या अंगणातही कोणी जुने थकून पडले असेल. त्याला मोडीत देण्याआधी, त्याने कोणाला कुठे पोचवले ते घरात विचारा. वसंताची मुले रोज खेळताना माझ्यात बसून बंगळूरला जातात. मी त्यांना दर वेळी आडीतच परत आणते.