घासलेली शिवराई

“‘डेलिबरेटली’ ठेवू की काढू?” यांनी फोनवरची नजर न हलवता विचारलं.

माझ्यापुढे वर्तमानपत्रावर अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा ढीग होता. मी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि म्हटलं, “त्यानं काय होतं?”

“त्यानं मुद्दाम केलं, असा अर्थ होतो.”

“मग काढा. माणसाच्या मनातलं आपल्याला काय कळतंय?”

“नाणं आपोआप घासलं जातं का, सत्या? मुद्दाम केल्याशिवाय?” त्यांनी शब्द ठेवला.

पाचातला एकच तारा, आणि त्याखाली अकरा ओळी. पाकीट केव्हा आलं, केव्हा उघडलं, उघडताना केलेलं चित्रीकरण सोबत जोडलं आहे, विक्रेत्याच्या फोटोतलं नाणं काळपट आणि हातात आलेलं नाणं लालगुलाबी. शेवटी, ‘या विक्रेत्याकडून कुणीही घेऊ नये.’ त्यांनी सगळं मला एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मी शेंगा सोलत राहिले. दोन किडक्या शेंगांचे दाणे चांगल्यांत गेले, ते मला दिसलं, पण हात पुढच्या शेंगेकडे गेला होता.

यांचं नाव बिंदुमाधव. एका मशीन टूल कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, केसभर जरी चुकला असला तरी त्याला लाल चिठ्ठी बांधायची. एकदा त्यांनी लाल चिठ्ठी बांधलेला माल साहेबानं चिठ्ठी काढून पुढे पाठवला. त्या साहेबाशी हे अकरा वर्षं बोलले नाहीत. तो रिटायर झाला तेव्हा हार घालायला गेले, तोही न बोलता घातला. निवृत्तीनंतर हेब्बाळच्या या फ्लॅटमध्ये आलो. मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी एका ऑनलाइन साईटवरून जुनी नाणी मागवायला सुरुवात केली. भिंग तेच, खुर्ची तीच, आणि पसंत न पडलेल्या मालाला आता लाल चिठ्ठीऐवजी एक तारा.

आणि ते नाणं मी घासलं होतं.

शुक्रवारी सकाळी हे पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. मी देवाची तांब्याची भांडी काढून बसले होते. कुरिअरवाला आला. पाकिटाची एक बाजू उसवली होती आणि आतली कागदाची पुडी बाहेर डोकावत होती. पुडीत बोटाच्या पेराएवढं काळं नाणं. उजेडात धरलं तर अक्षरं लागली. ‘श्री राजा शिव’. उलट बाजूला ‘छत्र पति’.

आमचं घराणं या कानडी गावात साडेतीनशे वर्षांपासून आहे असं सासरे सांगायचे. घोड्यांमागून कागदपत्रांची पेटी घेऊन आलेला कुणी पूर्वज. राज्य गेलं, घोडे गेले, पेटी गेली, घरात बोलायची भाषा तेवढी राहिली, तीही अर्धी कानडी. आणि आज हे नाणं उंबऱ्यावर येऊन उभं. मला वाटलं, आधी देवापुढे ठेवावं. पण बाहेरून आलेली वस्तू, कोणाकोणाच्या हातांतून आलेली, तशीच देवापुढे कशी ठेवणार? समोर चिंच कालवलेली होती, मीठ होतं. ताम्हन घासलं, पळी घासली, पंचपात्री घासली आणि त्यांच्याबरोबर तेही घासलं. दोन मिनिटांत असं लखलखलं की मला माझंच कौतुक वाटलं. देवापुढे ठेवलं, कुंकू वाहिलं, पुसलं. मग यांना उघडायचा आनंद मिळावा म्हणून पुन्हा पुडीत घालून पाकीट डिंकानं चिकटवून ठेवलं. डिंकही असा बेमालूम लावला की इन्स्पेक्शनला कळू नये.

हे आले, फोन पुस्तकांना टेकवून लावला, चित्रीकरण सुरू केलं आणि कात्रीनं पाकीट उघडलं. नाणं तळहातावर पडलं. कुणी गेल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला.

“घासलंय,” ते म्हणाले. “सत्या, कुणीतरी हे घासलंय. साडेतीनशे वर्षांनी याच्यावर कातडी आणली होती. ती सोलून काढली.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी म्हणाले, “चहा ठेवू?”

सोमवारी त्या साईटचं पत्र आलं. तक्रार ग्राह्य, पैसे परत करू, नाणं परत पाठवायची गरज नाही, विक्रेत्याचं खातं तूर्त बंद केलं आहे. यांनी पत्र वाचलं आणि भिंग पुसून डबीत ठेवलं. समाधानानं नाही. काम झाल्यासारखं.

मंगळवारी फोन आला. पाकिटावर आमचा नंबर होताच. यांनी स्पीकरवर टाकला.

“सर, मी महांतेश बोलतोय. इथल्या शिवाजीनगरातनं. त्ये शिवराईचं नाणं...” आधी इंग्रजीत सुरुवात केली, मग कानडीत, आणि यांचं आडनाव पुन्हा एकदा उच्चारून थबकला. “सर, तुमी मराठी काय?”

“मराठी असलो तर काय? नाणं बदलणार आहे?”

“न्हाई सर. मी अथणीकडचा, सीमेवरचा. सांगायला सोपं जाईल म्हणून विचारलं बघा. सर, मी नाणं घासत न्हाई. बावीस वर्सं झाली या धंद्यात. घासलेलं आलं तर घेत बी न्हाई.”

“माझ्याकडे व्हिडिओ आहे.”

“बघितला सर. म्हणूनच फोन केला. माझ्या दुकानात आता कोण येत न्हाई. जे काय हाय ते त्या साईटवर. आदी दोन तक्रारी हुत्या, पोस्टानं उशीर केल्याच्या. ही तिसरी. आता कायमचं बंद करतील. सर, मला एकदा नाणं हातात घेऊन बघू द्या. माझं नसंल तर माझं नसंल. माझं असंल तर...”

“असेल तर काय?”

पलीकडे बसचा हॉर्न वाजला. “तर बघू की सर.”

“सरी, ठीक आहे,” हे म्हणाले. “उद्या चार वाजता या.”

फोन ठेवून माझ्याकडे वळले. “येऊ दे. समोर बसवून दाखवतो. तोंडावर खोटं बोलणारा माणूस मी ओळखतो.”

“ओळखता?” मी विचारलं.

“चौतीस वर्षं दुसरं काय केलं?”



बुधवारी सकाळपासून मी तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा ते दाढी करत होते. दुसऱ्यांदा पेपर वाचत होते. तिसऱ्यांदा नुसते बसले होते, म्हणजे काहीच अडचण नव्हती. मी दारात उभी राहिले आणि ते म्हणाले, “काय?” मी म्हटलं, “जेवायला चला.” चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी किती गोष्टी सांगितल्या नाहीत. गॅसवर जळलेलं दूध, लेक हर्षिताचे गणितातले मार्क, भावाला दिलेली अंगठी. त्या खपून गेल्या. पण ही गोष्ट त्यांच्या सहीनिशी बाहेर गेली होती. माझं खोटं त्यांनी खरं म्हणून तपासून पास केलं होतं.

चारला दोन मिनिटं असताना बेल वाजली. पन्नाशीचा, बुटका, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. चपला दाराबाहेर एकाशेजारी एक नीट लावून आत आला.

“बसा,” हे म्हणाले. शेजारची खुर्ची असताना समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

महांतेश बसला. पिशवीतून नाण्याचे दोन मोठे फोटो काढून टेबलावर ठेवले. यांनी पुडी पुढे सरकवली. त्यानं नाणं कडेनं उचललं, खिडकीकडे धरलं, खिशातून स्वतःचं भिंग काढलं. मी कॉफीचे पेले घेऊन आले, तेव्हा दोघांची डोकी एकमेकांजवळ वाकलेली होती, मांडणीवरच्या दोन तांब्यांसारखी.

“काठावर ही चीर हाय बघा सर. फोटोत बी हाय. ‘ति’च्या खाली हा खड्डा. त्यो बी हाय.” त्यानं सुस्कारा सोडला. “नाणं माझंच.”

“मग?” यांचा आवाज चढला. “तेच नाणं, आणि असं सोललेलं? मध्ये कुरिअरवाल्यानं घासलं?”

महांतेशनं पुन्हा भिंग लावलं आणि बराच वेळ एकाच जागी पाहिलं. ‘व’च्या पोटात. मग नखानं तिथलं काहीतरी अलगद काढलं आणि बोटाच्या टोकावर धरलं. तपकिरी, केसाएवढं बारीक. मला उभ्या जागेवरून दिसत नव्हतं, तरी मी ओळखलं. चिंचेची शीर.

त्यानं मान वर केली. आमचं देवघर म्हणजे हॉलमधला कोनाडाच. ताम्हन, पळी, पंचपात्री दुपारच्या उन्हात चमकत होती. तो तिकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. त्याचा पेला मी अजून पुढे केला नव्हता आणि कॉफी बशीत सांडली होती.

“घ्या, अक्का,” तो हळूच म्हणाला आणि पेला माझ्या हातातून घेतला. बोटावरचं ते शर्टाला पुसून टाकलं.

“बोला की आता,” हे म्हणाले.

“सर, चूक माझ्याकडंच झाली असंल,” महांतेश म्हणाला. “आमच्या घरात बायको देवाची भांडी घासती. नाणं मी घरीच पॅक करत हुतो. तिनं बघितलं असंल, नाव वाचलं असंल. देवाजवळ ठेवावं म्हणून घासलं असंल.”

“तुमच्या बायकोला अक्कल नाही?”

“सर...”

“नाही, मला सांगा. बावीस वर्षं नाण्यांच्या धंद्यातला माणूस, आणि घरात बायकोला ठाऊक नाही? जुन्या वस्तूला हात लावू नये एवढं तिला कळू नये? असल्या बाईच्या हातात घर तरी कसं देता तुम्ही?”

“तिला काय म्हाईत सर,” महांतेश कॉफीकडे बघत म्हणाला. “तिनं मायेनंच घासलं असंल की.”

“माया!” यांनी नाणं टेबलावर ठेवलं. “मायेनं काय काय बिघडवतात माणसं.”

मला हसू आलं. अगदी खरं सांगते.

“अहो,” मी म्हटलं. “त्यांच्या बायकोनं नाही. तुमच्या.”

मग मी सगळं सांगितलं. उसवलेलं पाकीट, चिंच, मीठ, कुंकू. आणि डिंक. डिंकाचं सांगताना माझा आवाज सगळ्यात खाली गेला. घासणं अजाण होतं, पण डिंक लावणारी मी शहाणी होते, आणि नंतरचे पाच दिवसही.

यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. महांतेशकडे पाहिलं.

“तुम्हाला कळलं होतं?”

“आत्ताच सर. भिंगातनं.”

“मग बायकोचं नाव का घेतलंत?”

“माझी बायको जाऊन चार वर्सं झाली, सर. तिला कोण काय म्हणणार आता.”

हे उठले. मला वाटलं आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतील आणि मग अकरा वर्षं. मी मनातल्या मनात हिशेबही केला, अकरा वर्षांनी मी बहात्तर. पण ते आत गेले नाहीत. स्टुलावर बसलेल्या महांतेशला त्यांनी दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. मग स्वतः स्टुलावर बसून फोन उघडला.

“तो अकरा ओळींचा मजकूर बदलता येतो ना?”

“येतो सर. तीस दिवस येतो.”

ते टाइप करू लागले. यावेळी वाचून दाखवलं नाही. महांतेश शेजारून बघत होता, मध्येच म्हणाला, “असं नको सर. ‘घरात चुकून झालं’ एवढंच टाका. लोक वाचतात.”

“वाचू दे.”

“तुमाला ओळखणारे वाचतील.”

“त्यांच्यासाठीच लिहितोय.”

महांतेश गेल्यावर मी फोन घेऊन वाचलं. पाच तारे. खाली फक्त दोन ओळी, इंग्रजीत. ‘विक्रेत्याने नाणे जसे दाखवले तसेच पाठवले. नाणे मी स्वतः घासले आणि दोष त्यांना दिला.’ खाली पूर्ण नाव.

“‘मी स्वतः’ असं कशाला लिहिलंत?” मी विचारलं. “मी घासलं होतं ना?”

“माझं नाव आहे त्या खात्यावर.”

“रागावला आहात?”

“हो,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “डिंक चांगला लावला होतास.” ते कौतुक होतं की लाल चिठ्ठी, ते मी विचारलं नाही.

गुरुवारपासून रोज एकदा ते साईटच्या लोकांना फोन करत होते. चौथ्या दिवशी महांतेशचं खातं सुरू झालं. त्यानं कळवलं, पण नाणी नव्यानं चढवायची, गिऱ्हाइकं नव्यानं जमवायची, वेळ लागेल असंही म्हणाला.

त्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कँटोन्मेंटजवळच्या हॉलमध्ये नाणीवाल्यांची बैठक होती. हे नेहमी एकटेच जातात. मी म्हटलं, मीही येते. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.

वीसपंचवीस माणसं होती, टेबलांवर मखमली कापडं. एरवी हे दारात शिरले की कुणी ना कुणी नाणं तळहातावर आणून ठेवायचं, बिंदू सर, जरा बघा हो, खरं का खोटं, असं ते मला येऊन सांगत असत. आज सगळ्यांनी नमस्कार केला. कॉफी दिली. त्या दोन ओळी सगळ्यांनी वाचल्या असणारच, पण विषय कुणी काढला नाही. माणसं चांगली होती.

श्रीवत्स नावाचे एक गृहस्थ नवं मिळालेलं नाणं घेऊन उभे होते. यांनी सवयीनं हात पुढे केला. त्या गृहस्थांनी नाणं स्वतःच्याच बोटांत धरून यांच्यापुढे आणलं.

“हीगे नोडी, सर,” ते मृदूपणे म्हणाले. असंच बघा.

यांनी पुढे केलेल्या हाताकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत गुंतवले, आणि कंबरेत वाकून, डोळे बारीक करून, ते परक्या बोटांतलं नाणं नीट, सावकाश पाहिलं.

“खरं आहे,” ते म्हणाले. “जपा.”