कुकीज निवेपर्यंत

यशोधराबाईंनी स्वतः पुढाकार घेऊन विधवा सुनेचं लग्न लावून दिलं, तेव्हा साऱ्या इंदूरच्या नातेवाइकांनी त्यांचं कौतुक केलं. मुलगा यशवर्धन अपघातात गेला त्याला चार वर्षं झाली होती आणि शिखा जेमतेम एकतीसची होती. नवरा मुलगा इंदूरजवळच्या सिमरोलला नोकरी करणारा, हिंदी घरातला, स्वभावाने गरीब. मे महिन्यात लग्न झालं. पाठवणीला यशोधराबाई रडल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून घर त्यांना खायला उठलं.

फोन मात्र त्या करत नसत. नव्या संसारात जुन्या सासूची लुडबुड कशाला? शिखाही सणावारी मेसेज पाठवून थांबायची.

डिसेंबरात त्यांचे यजमान उदयसिंह सियागंज बाजारातून किराण्यासोबत अक्रोड घेऊन आले. या दिवसांत शिखा अक्रोडाच्या कुकीज करायची, वर पांढरंशुभ्र आइसिंग घालून. तिचा ओव्हन ओट्यावर तसाच झाकलेला होता.

"मी करून बघते," यशोधराबाई म्हणाल्या.

"जमेल का तुला?"

"इतकी वर्षं तिच्या शेजारीच उभी होते की!"

अक्रोड भाजून जाडसर कुटले, लोणी-साखर फेसली, मैदा मिसळला. कुकीज छान खरपूस झाल्या. पण पिठीसाखरेचं आइसिंग वर घातलं की वितळून ताटलीत ओघळायचं. तिसऱ्या कुकीनंतर त्यांनी हात टेकले आणि विचार बदलायच्या आत शिखाला फोन लावला.

"आई!" शिखा जवळजवळ ओरडलीच. "सगळं ठीक ना? बाबा?"

"ठीक आहेत गं. ते आइसिंग वाहून चाललंय बघ."

"कुकीज गरम आहेत का?"

"आत्ताच काढल्या."

"अहो, मग टिकणारच नाही ते. पूर्ण निवू द्या. अर्धा तास लागेल. तोवर फोन नका ठेवू ना."

एवढ्यात तिकडून हाक आली, "शिखा बेटा, चाय!"

"आले, मम्मीजी! आई, दोन मिनिटांत आलेच हं, ठेवू नका."

तिकडे मम्मीजी आणि आपण आई, हे ऐकून यशोधराबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. फोन कानाला धरून त्या उभ्या राहिल्या. परक्या घरात कप वाजले, कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि शिखा खळखळून हसली. हे हसणं त्यांनी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. याच हसण्यासाठी तर तिला पाठवलं होतं. तरी डोळ्यांत पाणी आलं, कारण ते आता दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात घुमत होतं.

"आहात ना?" शिखा परत आली.

"आहे की. तुझी फार आठवण येते गं," बोलायचं नाही असं ठरवलेलं तोंडातून निघूनच गेलं.

 शिखा हळूच म्हणाली, "यश एकदा सगळं आइसिंगच चाटून बसला होता, आठवतं? इथे सगळे खूप चांगले आहेत, आई. पण त्याच्याबद्दल कोणाशी बोलू? तुम्ही फोन करत नव्हता, मला वाटलं तुम्हाला मला विसरायचंय."

"वेडी आहेस. मी तुझा संसार जपत होते."

मग अर्धा तास दोघी त्याच्याबद्दलच बोलल्या. तो सराफा बाजारातून घरी आणायची जलेबी वाटेतच कशी संपवून यायचा, रागावला की कसा गप्प बसायचा. उदयसिंह दारात येऊन ऐकत उभे राहिले, नि मग पाटावर बसले.

कुकीज निवल्या. आइसिंग चमच्याने घातलं, ते जागच्या जागी राहिलं.

"रविवारी येऊ मी?" शिखाने विचारलं.

"विचारतेस काय? जावईबापूंनाही घेऊन ये."

फोन ठेवल्यावर उदयसिंहांनी एक कुकी उचलली. "गोड जास्त झालंय," ते म्हणाले, आणि दुसरी घेतली. यशोधराबाईंनी उरलेल्या कुकीज डब्यात भरल्या आणि डबा त्यांच्यापासून लांब सरकवला. रविवारला अजून चार दिवस होते.