विझू नये म्हणून

"खोका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रत्नाबाईंनी तोंडावर पदर धरला आणि खोकल्या. टाक्यांच्या रेषेवर टेकवलेली बाईंची दोन बोटं आतून कुणी ढुशी द्यावी तशी वर उचलली गेली.

"परत एकदा."

पुन्हा तेच झालं. बाईंनी हात धुतले आणि खुर्चीत बसता बसता विचारलं, "तंबाखू? बिडी, सिगारेट?"

कोपऱ्यात पिशव्या सांभाळत बसलेली आदिती हसली. "मॅडम, आम्ही जैन आहोत. आई तर कांदासुद्धा खात नाही."

बाई रत्नाबाईंच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. पहिल्या दोन बोटांची टोकं पिवळट तपकिरी होती. रत्नाबाईंनी बोटं मुठीत घेतली आणि मग कशाला घ्यायची म्हणून पुन्हा सोडली.

"वढतो मी," त्या म्हणाल्या. "बिडी."

आदितीच्या हातातली एक पिशवी खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

बाईंना नवल वाटलं नसावं. गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढावी लागली होती, त्यामुळं अंगातून वाफा निघणार, वजन वाढणार, हे त्यांनी आधी सांगितलं होतंच. आता मात्र आवाज चढवून म्हणाल्या, "हा खोकला असाच राहिला तर आतले टाके सुटणार आणि आतडं बाहेर येणार. पुन्हा पोट फाडावं लागेल. बिडी आजपासून बंद. वजन खाली आणायचं, रोज चालायचं. आणि उचलायचं काहीही नाही. भरलेली घागरसुद्धा नाही."

"घागर न्हाय उचलत," रत्नाबाई म्हणाल्या. "मालकास्नी उचलतो."

बाई हसायला निघाल्या होत्या, पण आदितीचा चेहरा बघून थांबल्या.

रिक्षा बिंदू चौकाच्या पुढं गेली. मग बाहेर बघतच आदितीनं विचारलं, "कधीपासनं?"

"तुझे अण्णा पडले तवापासनं."

जयपाल पाटील मार्केट यार्डातले गुळाचे अडते. सात वर्षांपूर्वी, सौद्याच्याच दिवशी, गोदामाच्या माळ्यावरून उतरताना शिडी सरकली आणि मानेचा मणका गेला. पाय गेलेच. हातही पाण्यात बुडवलेल्या दोरासारखे लोंबायला लागले. हात येतील, पण व्यायाम पाहिजे, असं सांगितलं होतं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोराला जयपालांनी महिन्याभरात शिव्या देऊन हाकललं. दुकान भाड्यानं गेलं, आदितीचं लग्न झालं, ती गडहिंग्लजला गेली. घरात दोघंच उरली.

जयपालांना विसाव्या वर्षापासून बिडीची सवय. जेवण सुटलं असतं तर चाललं असतं, बिडी सुटत नव्हती. लहान पोरासारखे रडायचे. रत्नाबाई बिडी त्यांच्या ओठात धरून काडी लावायच्या. पण मानेच्या मारानं छातीतला जोर गेलेला. बिडी पेट धरायची नाही. आणि बिडी सिगारेटसारखी नसते, ओढली नाही की लगेच विझते. मग रत्नाबाईंनी एक दिवस पदर डोक्यावरून पुढं घेतला, बिडी स्वतःच्या तोंडात धरून पेटवली आणि मग त्यांच्या ओठाला लावली. त्यांनी एक झुरका घ्यायचा, धूर सोडून दमायचं. तेवढ्यात विझू नये म्हणून रत्नाबाईंनी एक घ्यायचा. पहिल्या दिवशी त्या न्हाणीत जाऊन ओकल्या होत्या. वर्षभरानं त्या घड्याळाकडं बघायला लागल्या. नंतर नंतर जयपाल झोपलेले असले तरी त्या घरामागच्या परड्यात जाऊन एकट्या ओढून यायच्या. बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला जाणं त्यांनी त्याच सुमारास बंद केलं. तोंडाचा वास घेऊन भगवंतापुढं कसं उभं राहायचं?

अंगावरून जायला लागलं त्यालाही चार वर्षं झाली होती. जयपालांना कुशीवर वळवताना, खुर्चीत घेताना कळ यायची आणि पायावरून ओघळ उतरायचा. आदिती दवाखान्यात चल म्हणून मागं लागायची. "मी झोपलो तर ह्यास्नी कोण उचलणार?" एवढंच त्या म्हणायच्या. शेवटी चक्कर येऊन पडल्या तेव्हा कुणाला विचारायचं राहिलंच नाही.

घरी आल्यावर आदितीनं कोनाड्यातलं बिड्यांचं बंडल उचललं.

"अण्णा, आईची बिडी बंद. आणि घरात कुणाचीच नको."

जयपाल छताकडे बघत होते. "तिची बंद कर. माझी कशाला? माझं काय ऱ्हायलंय दुसरं?"

"मग मी पेटवते तुमची. लायटर आणते."

तिनं खरंच आणला. बिडी त्यांच्या ओठात धरून लायटर लावला. जयपालांनी ओढल्यासारखं केलं. टोक लाल झालं आणि काळं पडलं. तीनदा तसंच झालं.

"तुला जमायचं न्हाय," ते म्हणाले. "आईला बलीव."

रत्नाबाई दारातच उभ्या होत्या. धुराचा तेवढाच वास आला आणि त्यांच्या जबड्याखाली पाणी सुटलं. त्यांनी पदराची कड दातांत धरली. "न्हाय येणार मी," असं म्हणून त्या आत गेल्या.

आदितीनं बंडल पाणी तापवायच्या चुलवणात घातलं आणि गडहिंग्लजला परतण्याआधी ती जोतीरामला कामाला ठेवून गेली. जोतीराम पन्नाशीचा, दवाखान्यात वॉर्डबॉय होता; आता लोकांच्या घरी जाऊन असलं करायचा. सकाळी यायचा, जयपालांना आंघोळ घालायचा, पाठ पुसायचा, खुर्चीत बसवायचा, संध्याकाळी जायचा. जेवण भरवणं, पाणी पाजणं तेवढं रत्नाबाईंकडं राहिलं. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास जयपाल घेत नसत.

पहिले काही दिवस त्यांनी रत्नाबाईंच्या हातचाही घेतला नाही. चमचा ओठाला लागला की दात मिटायचे. आमटी हनुवटीवरून गळ्यात जायची. रत्नाबाई पुसायच्या, पुन्हा चमचा भरायच्या. त्यांचाही जीव ताळ्यावर नव्हता. अंगातून वाफ निघाली की पोलकं भिजून पाठीला चिकटायचं, शेजारणीचं बोलणं ऐकून रडू यायचं. तोंडाला सारखं काहीतरी लागायचं. चिरमुरे, शेंगदाणे, गुळाचा खडा. गूळ तर घरात डबाभर असायचाच. जयपालांच्या ताटात उरलेलं टाकवत नव्हतं, तेही खायच्या. पोलक्यांच्या शिवणी उसवून झाल्या, मग दंडाला काच पडायला लागले. वजनाचा काटा पुढंच सरकत होता. बिडी सोडून मी मिळवलं काय, असं त्यांना न्हाणीत अंगावर पाणी घेताना वाटायचं.

"म्हस झालीयास नुसती," एकदा जयपाल म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते पहिल्यांदाच काही बोलले होते. रत्नाबाईंनी चमचा ताटात ठेवला, चादर सारखी केली आणि बाहेर येऊन गुळाचा डबा वरच्या फळीवर, हात पुरणार नाही असा ढकलला.

नंतर जयपाल आपोआप निवळले. चमचा घ्यायला लागले. बिडीचं नाव काढेनासे झाले. जोतीरामबरोबर त्यांचं हसणंही ऐकू यायचं. रत्नाबाईंना वाटलं, सुटली असेल त्यांचीही. आपल्याला सुटते तर पुरुषमाणसाला सुटत नाही असं थोडंच आहे. त्या सकाळी रंकाळा तळ्यावर चालायला जायला लागल्या. सुरुवातीला संध्यामठापर्यंत जाऊन धापा टाकत बसायच्या. आजूबाजूनं पोरी पळत जायच्या, म्हातारे हात फेकत चालायचे. सात वर्षांत घराबाहेर इतका वेळ त्या एकट्या कधी नव्हत्या. काट्यानं दोन-तीन आठवड्यांत किंचित माघार घेतली. किलोभरसुद्धा नसेल. पण ते त्यांनी आदितीला फोन करून सांगितलं.

त्या सकाळी अर्ध्या वाटेतच पोटाला पीळ पडला म्हणून त्या मागं फिरल्या. पुढच्या दाराला आतून कडी होती. हाक मारण्याऐवजी त्या परड्याच्या बाजूनं निघाल्या, आणि जयपालांच्या खोलीच्या खिडकीपाशी आल्या तेव्हा वास आला.

खिडकी अर्धी उघडी होती. जयपाल उशांना टेकून बसले होते. जोतीराम खाली बसून त्यांच्या पायाला तेल चोळत होता. जयपालांच्या डाव्या हातात बिडी होती. अंगठा आणि दोन बोटं यांत सहज धरलेली. त्यांनी ती ओठाला नेली, दमदार झुरका घेतला, हात पलंगाच्या कडेला ठेवलेल्या बशीवर नेऊन राख झाडली. मग त्याच हाताच्या करंगळीनं कान खाजवला. जोतीराम काहीतरी म्हणाला तसे हसले, बिडी बशीत ठेवली आणि शेजारचा चहाचा कप उचलला.

रत्नाबाईंना आधी आनंदच झाला. तोंडून "अवो—" असं निघणारही होतं. तो कप ओठाला गेला, खाली आला, जागच्या जागी बशीच्या बाजूला नीट बसला, तसा तो आनंद कुठल्या कुठं गेला.

त्या परड्यातल्या पायरीवर बसल्या. जोतीराम तेलाची वाटी धुवायला मागं आला आणि त्यांना बघून जागीच थबकला.

"अक्का, तुमची शपथ, मी न्हाय म्हणतच हुतो. पण अण्णांनी लईच—"

"हात कधीपासनं चालतोय?"

"काय?"

"त्यांचा हात. डावा."

जोतीरामला प्रश्न कळला नाही. "मी आलो तवापासनं चालतोय की. तुमी फिराय जाया लागला त्या पैल्या दिवशीच मला म्हणाले, बिडी दे. मी तोंडात द्यायला गेलो तर हातानं घेतली." मग त्याचा आवाज खाली आला. "तुमास्नी म्हायती न्हाय व्हय?"

 दंडात ताकद असलेला माणूस पलंगाची कड धरून कुशीवर वळू शकतो का, असं रत्नाबाईंनी विचारलं. जोतीराम म्हणाला, वळतात की, थोडा हात लावला की वळतात. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, वाटी तशीच ठेवून तो बाजूला जाऊन उभा राहिला.

दुपारी त्यांनी जोतीरामला लवकर घरी पाठवलं. जाताना तो म्हणाला, "उद्या येऊ का नको, अक्का?"

"ये की. तुझं काय चुकलंय?"

त्या ताट घेऊन खोलीत गेल्या. धुराचा वास गेला नव्हता. छातीत ती जुनी ओढ उठली, चांगलीच उठली, आणि त्या ती जाईपर्यंत दाराला टेकून उभ्या राहिल्या. जयपालांचा डावा हात चादरीवर पडला होता, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली, रोज असायचा तसा. त्यांनी तोंड उघडलं.

रत्नाबाईंनी ताट डाव्या बाजूच्या स्टुलावर ठेवलं आणि चमचा त्यांच्याकडं वळवून ठेवला.

जयपालांनी ताटाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. तोंड हळूहळू मिटलं.  बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"हात कधी आला?" रत्नाबाईंनी विचारलं.

"जरा जरा... पैल्या वर्षीच."

"आणि मी?"

त्यांना हे कसं पुढं बोलायचं ते कळेना. मी पिशवी गेली तरी उचलत हुतो, असं म्हणायचं होतं. पण ते शब्द तोंडात आल्यावर दुसऱ्याच कुणा बाईचे वाटले.

"यार्डात हुतो तवा मी कधी घरात बसलो न्हाय," जयपाल छताकडं बघत म्हणाले. "तूबी कधी बसली न्हाईस. पडलो तवापासनं तू बिडी धराय बसायचीस. भरवाय बसायचीस. हात आला म्हटलं असतं तर उठून गेली असतीस की कामाला." थोडं थांबून ते म्हणाले, "कोण बसतंय असल्या माणसाजवळ?"

त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडं गेलं. पुसायला हात उचलावा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. हात चादरीवर थोडा वर झाला आणि पुन्हा खाली पडला.

पूर्वी रत्नाबाईंनी पदरानं पुसलं असतं. आताही त्यांचा हात पदराकडं गेला. पण त्यांनी पदर फक्त खांद्यावर नीट घेतला.

"जेवा," त्या म्हणाल्या. "निवतंय."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं. आमटी गरम होती. भाकरी एकच घेतली. खोलीतून चमचा वाजल्याचा आवाज आला नाही. मग एकदा आला, मग भांडं कलंडल्याचा आला. त्या उठल्या नाहीत. शेवटचा घास चावून होईपर्यंत बसल्या, तोंड धुतलं.

"रत्ना," आतून हाक आली. "बस की जरा येऊन."

त्या निवडायची मेथी सुपात घेऊन गेल्या. पाणी सांडून चादर ओली झाली होती. जयपालांच्या बोटांना भाताची शितं चिकटली होती. पलंगाजवळच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसायच्या ऐवजी त्यांनी ती न उचलता पायानं ढकलत दारापाशी नेली आणि त्या तिथं बसल्या.

जयपालांचा हात चादरीवरून सरकत पलंगाच्या कडेपर्यंत आला. लपवायचं काही राहिलं नव्हतं. तो कडेच्या बाहेर आला, लांब झाला आणि मधल्या जागेत तसाच थांबला.

रत्नाबाई मेथी निवडत राहिल्या.