मधोमध गार

मी एक जुने सागवानी टेबल आहे. एका इटालियन हॉटेलात माझे सारे आयुष्य गेले. आता ते हॉटेल बंद आहे आणि मला भिंतीला टेकवून ठेवले आहे. मित्रांनो, तिथल्या एका जेवणाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मला घडवले मालकीणबाईंच्या वडिलांनी. ते सुतार होते. लेकीच्या हॉटेलात आपल्या हातचे काहीतरी असावे, एवढीच त्यांची हौस. रोज सकाळी मालकीणबाई माझ्यावर मैद्यात अंडी फोडून पीठ मळत आणि ते इतके पातळ लाटत की आरपार माझ्या रेषा दिसाव्यात. संध्याकाळी मला घासूनपुसून खिडकीपाशी लावत. मग त्याच पास्त्याच्या पट्ट्या, टोमॅटोचा सॉस आणि चीज, असे थरावर थर दिलेला लझान्या वाफाळत माझ्यावर येई. लोक बोटे चाटत. तू एवढं चाखत बसलीस तर गिऱ्हाइकाला उरणार काय, अशी मालक बायकोची थट्टा करत.

मग मालकीणबाई आजारी पडल्या आणि गेल्या. मालकांनी हॉटेल चालू ठेवले, पण त्यांचे मन उडाले. पास्ता पाकिटातला आला, सॉस डब्यातला. लझान्या गोठवून ठेवायचा आणि कोणी मागितला की गरम करायचा. माझ्यावर सांडलेले पाणी आपोआप वाळू लागले. माझा एक पाय डुगडुगू लागला, तिकडे कोणी पाहिले नाही. एकदा आलेले गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नसे.

अशातच एका दुपारी एक बस ड्रायव्हर बायकोला घेऊन आला. त्या कपडे शिवायच्या. घशाच्या आजाराने कित्येक महिने त्यांना नळीतूनच अन्न मिळत होते. नुकतीच नळी निघाली होती आणि मऊ खायला परवानगी मिळाली होती. काय खावेसे वाटते, असे नवऱ्याने विचारताच त्यांनी इथला लझान्या मागितला. लग्न ठरले तेव्हा दोघे माझ्यापाशीच बसून जेवले होते. ड्रायव्हरने आदल्या दिवशी येऊन हे सगळे मालकांच्या कानावर घातले होते. मऊ असू द्या आणि गरम असू द्या, एवढेच त्याचे मागणे होते. मालकांनी मान डोलावली होती.

बशी आली. कडा चामड्यासारख्या वातड आणि मधोमध बर्फ. शिंपीणबाईंनी लहानसा घास घेऊन बराच वेळ चघळला. गिळताना तो अडकला. ठसक्याने मी हललो, पेला कलंडला. नवरा बघत होता म्हणून त्यांनी आणखी एक घास घेतला. मग काटा खाली ठेवला.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "मलाच भूक नाही."

ड्रायव्हरने मधला घास तोंडात घातला आणि ताडकन उठून स्वयंपाकघरात गेला. दार उघडेच होते. मालक स्टुलावर शून्यात बघत बसले होते. त्यांची थोरली बहीण भांडी घासत होती.

"एकदा चाखून तरी बघायचं," ड्रायव्हर म्हणाला.

"बायको गेल्यापासून मी काही चाखत नाही."

ड्रायव्हर भांडायलाच गेला होता. पण त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "माझी अजून आहे. तिच्यासाठी चाखायचं होतं."

आणि बायकोला हाताला धरून तो घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आत ओढले, पुसले आणि माझ्यावर पीठ मळायला घेतले. हाताला सवय नव्हती. पट्ट्या फाटत, ते टाकून देत आणि पुन्हा मळत. यात बरेच दिवस गेले. शेवटी एकदा लझान्या मनासारखा जमला, तेव्हा डबा भरून ते ड्रायव्हरच्या घरी गेले. परत आले तेव्हा डबा तसाच होता.

"खाल्लं का रे तिने?" बहिणीने विचारले.

"गिळवत नाही आता. नळी परत घातलीय." त्यांनी डबा माझ्यावर ठेवला. "जवळ घेऊन बसली होती. वास घेतला. बराच वेळ घेतला. मग मान हलवली, हाच म्हणून."

पुढच्या महिन्यात शिंपीणबाई गेल्या. मालकांनी हॉटेल बंद केले.

मित्रांनो, उद्या कोणी मला उचलून नेईल. कदाचित तुमच्याच घरी येईन. माझ्यावर कोणाला वाढाल, तेव्हा आधी एक घास स्वतः खाऊन बघा. त्या घासासाठी समोरचा माणूस कुठून कसा आला आहे, ते आपल्याला ठाऊक नसते. आणि मन थाऱ्यावर नसेल, तर आज जमणार नाही, असे सरळ सांगा. शिंपीणबाई थांबल्या असत्या. इतके महिने त्या थांबल्याच होत्या.