दामाजीच्या नावाचं रक्त

सगुणाने कपाळावर हात मारला. तीन आठवडे सांगून सांगून तिची जीभ झिजली, आणि बाप आजही एकटाच खाडीत जाऊन जाळं ओढून आला होता. धापा टाकत होता, वर विचारत होता, "चाय हाय का गो?"

सगुणा नौपाड्यात ज्या डॉक्टरांकडे रक्त तपासायच्या नोकरीला होती, त्यांनी नव्याण्णव साली एक नवंच काम काढलं होतं. रक्तात म्हणे काही पेशी फिरत असतात. रक्तवाहिनीला आतून इजा झाली की तिथे जाऊन डागडुजी करतात. त्या कमी असल्या तर हृदयाला धोका जास्त असतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कोळीवाड्यातल्या साठीच्या पुरुषांची यादी केली तेव्हा सगुणाने बापाचं नाव पहिलं घातलं. रक्त घ्यायच्या दिवशी नेमकी ती रजेवर. आठवडाभर प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत वाढवून पेशी मोजल्या, तर दामाजीच्या नावापुढचा आकडा सगळ्यांत कमी!

"खात्रीने आताच काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण वडिलांना जपा."

जपा म्हणे! जपून घ्यायला माणूस तसा हवा ना. "जड काम गोमाजीकाकाला करू दे," असं तिने म्हणावं, तर हा त्यालाच घरी बसवायचा. गोमाजी त्याचा तीस वर्षांपासूनचा होडीतला भागीदार. आई गेल्यावर सगुणाला बोट धरून शाळेत सोडायचा तो गोमाजीच.

"तुला मरायचंय का, बाबा?" आज तिचा आवाज चढलाच. "तुझं रक्त काय सांगतंय, कळतंय का?"

दामाजी चहाच्या कपात बघत राहिला. "ते माजं रगत नाय गो."

"म्हणजे?"

"मना सुईची भीती वाटते. गोमाजीला म्हटलं, माज्या नावावर देऊन ये. होडी एक, वाटा एक, रगत काय वेगलं?"

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याआधी, क्षणभर, तिला हायसं वाटलं होतं. बाप सुटला होता. मग कोण अडकलं ते ध्यानात आलं आणि त्या हायसं वाटण्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकाला सांगितलंस?"

"नाय. घाबरंल तो. म्हणून तर जाल्याला हात लावू देत नाय त्याला."

एवढी अक्कल होती, तर तीन आठवडे तोंड का शिवून घेतलं होतंस? असं मनात म्हणत, चपला अडकवून तिने दोघा म्हाताऱ्यांना रिक्षात कोंबलं आणि नौपाड्यात आणलं. आता ज्याचं त्याचं रक्त, ज्याच्या त्याच्या नावावर.

सुई बघताच दामाजीने डोळे गच्च मिटले. ते बघून गोमाजीने आपली बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"त्याला नको टोचूस, पोरी," तो हळूच म्हणाला. "त्याचंबी माजंच घे."

सगुणाला पुढचं काही दिसेना. तिने आधी त्याचाच हात धरला.