समुद्रातली चराई

“गवत मोजायला समुद्रात उतरायचंय म्हणं. अन् हिरीत घोटे बुडले की बोंब ठोकतीय,” कडूबाई तव्याला सांगत होत्या.

तव्याला, कारण सुनेला थेट सांगता येईल असा तो विषय नव्हता. सून म्हणजे संगीता. ती हाताच्या अंतरावर परातीत पीठ मळत बसली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. तशी कडूबाईंची जीभ सुनेला भिणारी नव्हे. मीठ जास्त झालं, चहा पातळ झाला, हे त्या तोंडावर सांगत. पण विहिरीचं नाव संगीतासमोर काढायचं नाही, हा या घराचा जुना नेम होता. घराचाच कशाला, अख्ख्या वस्तीचा. मांजरसुंब्याच्या चौकात हॉटेलवर बसून राज्याच्या कारभाराचं वाटोळं करणारी इथली माणसंसुद्धा संगीता समोर आली की विहिरीला “तिकडं खाली” म्हणत.

“भाकर करपतीय, आत्याबाई.”

“करपू दे. तिला थोडंच पोहायचंय.”

पोहायचं होतं ते तेजश्रीला, संगीताच्या थोरल्या लेकीला. पोरगी संभाजीनगरला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होती, आणि सुट्टीत दोन महिन्यांसाठी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर एका संशोधन संस्थेत इंटर्नशिप करायला निघाली होती. तिची मुलाखत मोबाईलवर झाली, तीही माळावर, कारण रेंज तिथंच. मागं बापाची मेंढरं ओरडत होती. पलीकडच्या मॅडमनी विचारलं, हा आवाज कसला? तेजश्रीनं फोन फिरवून कळपच दाखवला आणि मग चराईवरच अर्धा तास बोलली: कुठलं गवत मेंढरं आधी खातात, चरून गेल्यावर काय पुन्हा फुटतं आणि काय फुटत नाही. वर्षभर ती पांढऱ्या पाइपाची चौकट घेऊन हेच तर करत होती. चौकट माळावर टाकायची, पालथं पडायचं आणि आतली काडी न् काडी बघायची. गावाला वाटायचं, पोरीचं काहीतरी हरवलंय.

समुद्राच्या तळाशीही गवताची रानं असतात आणि त्यांच्यावर चरणारी समुद्रगाय असते, हे तिनं बापाला सांगितलं तेव्हा तानाजीच्या तोंडावर असं काही हसू फुललं, की संगीताला लग्नातला तानाजी आठवला. पोरगी काय शिकते हे त्याला पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं.

“म्हंजी आपलंच काम हाय की. फकस्त पाण्याखाली.”

“हां पप्पा. फक्त पाण्याखाली.”

त्यानं चौकात जाऊन सगळ्यांना सांगितलं की आमची तेजू समुद्रातली चराई बघायला चाललीय. एकानं विचारलं, समुद्रात मेंढरं कोण नेतं बे? तानाजीनं त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला आणि सगळं पहिल्यापासून समजावलं.

घोडं अडलं ते एका अटीवर. पाण्यातलं काम करायचं तर पहिल्याच दिवशी पोहून दाखवायचं होतं. न थांबता पन्नास मीटर, आणि मग कशालाही न धरता थोडा वेळ पाण्यावर राहायचं. ज्याला जमणार नाही त्यानं किनाऱ्यावरच्या शेडमध्ये बसायचं आणि बाकीच्यांनी आणलेलं गवत धुवून, वाळवून, जोखायचं.

“आई, भाजी निवडायला मी एवढ्या लांब जाऊ का?” तेजश्री म्हणाली होती.

संगीता हसली होती. पण आता रोज सकाळी बापलेक “तिकडं खाली” जात होते आणि रोज तोंडं पाडून परत येत होते.

तसं पोहणं शिकवायची वस्तीची पद्धत सोपी होती. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं. पुढचं पाणी शिकवतं. सगळी पोरं अशीच शिकली, तेजश्रीचा धाकटा भाऊही. तेजश्रीला मात्र तानाजीनं विहिरीच्या आसपास कधी फिरकू दिलं नव्हतं. काठाला गोल जाळी ठोकून त्याला दार केलं होतं आणि दाराला कुलूप. मोटार चोरीला जाऊ नये म्हणून, असं तो सांगे. चोर बिचारे मोटार काय, बल्बसुद्धा न्यायला आले नव्हते.

आता पोरगी मोठी झालेली. ढकलायचं तर तानाजीचा हात उचलेना. त्यानं डबा बांधलाच, वर तिच्या कमरेला दोरही बांधला. ती पायऱ्या उतरून पाण्यात शिरली, हनुवटीला पाणी लागलं, की हा वरून दोर ओढे. विहिरीतून बादली शेंदावी तशी पोरगी वर येई.

काठावर सल्ले द्यायला तानाजीचा चुलतभाऊ गहिनीनाथ ठरलेला.

“बेडकावानी पाय मार, तेजू. बेडकावानी.”

“काका, बेडकाच्या कमरेला दोर नसतो.”

“त्याच्या बापाला काळजी नसती.”

हे सगळं तेजश्रीच घरी येऊन सांगायची, हसत हसत. पण चौथ्या का पाचव्या दिवशी सांगताना ती हसली नाही. संगीतानं ते ध्यानात ठेवलं.

आता यात संगीताचा काय संबंध, ते सांगायला हवं.

संगीताचं माहेर माजलगावच्या धरणाच्या फुगवट्याला लागून. तिथली पोरं चालण्याआधी पोहत नसतील, पण फारसा उशीरही लावत नाहीत. संगीता म्हशीचं शेपूट धरून मधोमध जायची, तिथं शेपूट सोडायची आणि एकटी परत यायची. कुणी कौतुक केलं नाही, कारण सगळ्याच येत. मग लग्न होऊन ती या डोंगराच्या अंगाला आली. इथं पाणी फक्त विहिरीत, आणि विहिरीत फक्त बाप्ये उतरायचे.

पहिल्याच उन्हाळ्यात, एका भरदुपारी, घर झोपलेलं असताना संगीता उठली, विहिरीवर गेली, आजूबाजूला बघितलं आणि सूर मारला. सूर असा सरळ गेला की आवाजसुद्धा बेताचाच झाला. पण तेवढा पुरला. गहिनीनाथ, तेव्हा मिसरूड फुटलेला, बांधावर बैल घेऊन उभा होता. नवी सून, भरदुपार, विहीर: या तीन गोष्टी एका जागी आल्या की या भागात चौथी कुणी विचारत नाही. त्यानं बोंब ठोकली आणि जीव वाचवायला थेट संगीताच्या अंगावर उडी घेतली. बुडणाऱ्याचे केस धरावेत हे त्यानं ऐकलेलं होतं. ते त्यानं इतक्या मनापासून केलं की, तोवर मजेत पोहणारी संगीता खरोखर दोन वेळा खाली गेली. दोरांनी खाली बाज सोडून तिला वर काढलं तेव्हा ती पाणी ओकत होती, केस सुटले होते, डोळे लाल. मरता मरता वाचलेली बाई कशी दिसते, अगदी तशी.

सासरे बिभीषणराव. त्यांच्या आवाजानं कुत्रं उंबऱ्यावरून मागं फिरायचं. ते तिच्यासमोर मातीत बसले.

“पोरी, आमचं काय चुकलं?” म्हणाले, आणि रडायला लागले.

त्यावर काय सांगणार? मामंजी, लई उकडत होतं? संगीतानं ठरवलं, उद्या सांगू. उद्या माहेरून बाप आणि भाऊ आले, तेही रडले. परवा सांगू म्हटलं, तर परवा तानाजी बीडला गेला आणि टेबलफॅन घेऊन आला. फॅन आल्यावर तर सांगायची सोयच राहिली नाही.

त्यानंतर त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि संगीताला कुणी उणा शब्दही बोललं नाही. तानाजी अजूनही तिनं कूस बदलली तर जागा व्हायचा आणि काही हवंय का विचारायचा. बाकीच्या बाया म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा. संगीता गप्प राहायची. सुख असं की सोसवत नाही, आणि टाकवतही नाही.

पण जाळी लागली होती. जाळीला कुलूप लागलं होतं. आणि तिच्या गप्प राहण्याची किंमत आता पोरगी पन्नास मीटरनं मोजत होती.

त्या संध्याकाळी तेजश्री ओट्यावर ओले केस सोडून बसली आणि म्हणाली, “मी मॅडमला कळवते. शेडमधलंच काम द्या म्हणून.”

“ते बी कामच हाय की,” तानाजी लगेच म्हणाला. फारच लगेच. “सावलीतलं हाय. बरंच हाय.”

“हो.”

“कुणीतरी धुवायलाच पायजे गवत.”

“हो म्हणले ना, पप्पा.”

संगीता शेंगा फोडत होती. तिनं नवऱ्याच्या तोंडावरचा हलका झालेला ताण बघितला, मग पोरीचं तोंड बघितलं. माळावर पालथी पडून काड्या बघताना हे तोंड कसं असतं, ते तिला माहीत होतं. भाकरीला हाक मारली तरी तिला ऐकू यायची नाही. ही पोरगी समुद्राच्या काठावर बसून दुसऱ्याच्या पिशव्या उघडणार?

“आजच्या दिवस कळवू नको,” संगीता म्हणाली. “उद्या मी येते हिरीवर.”

शेंगांचा आवाज थांबला. तानाजीनं आईकडं बघितलं. कडूबाई छपराकडं बघू लागल्या. कितीतरी वर्षांनी त्या ओट्यावर विहिरीचं नाव निघालं होतं, आणि ज्या तोंडातून निघू नये त्याच तोंडातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी वरात निघाली. पुढं डबा घेतलेली तेजश्री, मागं दोर घेतलेला तानाजी, त्याच्या मागं संगीता. आणि सगळ्यात मागं काठी टेकत कडूबाई, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत दगडावर बसल्या. गहिनीनाथ आधीच आलेला होता. संगीताला बघून तो उठला, पुन्हा बसला, आणि आज त्याच्याकडं एकही सल्ला नव्हता.

यंदा पाऊसकाळ बरा झालेला. विहिरीला दोन परस पाणी होतं, एकावर एक दोन माणसं बुडतील एवढं, हिरवंगार, मधे उन्हाचा एक तुकडा पडलेला. संगीतानं जाळीच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि ओल्या दगडाचा वास आला. तिच्या तळपायांना घाई झाली.

तेजश्री खालच्या पायरीवरून पाण्यात शिरली आणि कपारीतला दगड दोन्ही हातांनी धरून राहिली. तानाजीनं दोर ताणला.

“मान मागं टाक, तेजू,” संगीता वरून म्हणाली. “कान बुडू दे. उशीवर डोकं ठिवल्यावानी. पाणी धरतंय आपल्याला, आपुन त्याला धरायचं नसतं.”

तेजश्रीनं वर बघितलं. “तुला काय माहीत?”

गहिनीनाथ बांधाकडं बघत होता, जणू अजून तिथं बैल उभे होते.

“मी उतरते,” संगीता म्हणाली. “तिच्या पाठीखाली हात देते.”

“तू मागं सर.” तानाजी तिच्यात आणि पाण्यात येऊन उभा राहिला. एका हातात दोर, दुसरा हात आडवा. आवाज चढलेला नव्हता. त्याच्या घरात तो कधी चढतच नसे. “काय सलत आसंल ते घरी जाऊन बोलू. तुला काय पायजे ते आणतो मी. फकस्त मागं सर, संगीता.”

हा माणूस इतकी वर्षं रोज रात्री हेच बघत आलाय, हे संगीताला तेव्हा दिसलं. तिनं तोंड उघडलं. सासऱ्यांचे डोळे, बापाचे डोळे, तो टेबलफॅन, सगळं एकदम समोर आलं. तिनं तोंड मिटलं.

“तान्या, सर बाजूला,” कडूबाई दगडावरून म्हणाल्या. “त्या दिवशी ती जीव द्यायला न्हवती गेली. पोहायला गेलती.”

तानाजीच्या हातातला दोर सुटला आणि सळसळत पायऱ्यांवरून खाली पाण्यात गेला. तेजश्रीनं कान टवकारायच्या नादात दगड सोडला होता. ती विहिरीच्या मधोमध डब्यासकट तरंगत होती आणि आपल्याला कुणी धरलेलं नाही, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“काय?” ती खालून म्हणाली. “आई, आजी काय म्हणतीय?”

गहिनीनाथानं डोक्याचा रुमाल काढला. “वैनी, म्या तुमचे केस धरले वो,” तो म्हणाला. “लई जोरात धरले.”

संगीता हसायला लागली आणि तिला आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसतच होती. तानाजी तिच्याकडं बघत राहिला. तो हात अजून आडवाच होता, पण आता त्या हाताला काय अडवायचं ते आठवत नव्हतं.

“आत्याबाई,” संगीतानं पदरानं डोळे पुसले, “तुमाला ठावं व्हतं?”

“जीव द्यायला निघालेली बाई चपला सावलीत ठिवती का? कासोटा मारती का? कानातली फुलं काढून दगडाखाली दाबती का, पाण्यात हरवू नयेत म्हणून? तुझी फुलं मीच नेऊन डबीत ठिवली.”

“मग बोलला कावून न्हाई इतकी वर्षं?”

कडूबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“तुझा सासरा त्या दिवसापास्नं मरूस्तवर घरात आवाज चढवून बोलला न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुला न्हाई, अन् मला बी न्हाई. इतकं चांगलं चाललेलं, मी कशाला बोलू?”